समुपदेशनातील पहिली भेट : संभाषणाच्या दृष्टीने काही विचार

'समुपदेशन' ह्या शब्दाची फोड केली असता सम्, उप हे दोन उपसर्ग आणि दिश् हा धातू हाती लागतो. दिश् म्हणजे दाखविणे. दिशा, निर्देश, आदेश, संदेश आणि उपदेश ही सर्व ह्याच धातूची संतती. परंतु मराठी बोलणाऱ्या माणसाला धातू ऐकू येत नाही, 'उपदेश' ऐकू येतो. आणि उपदेश कोणी द्यावयाचा, कोणी मुकाट्याने ऐकून घ्यावयाचा, व घेतलेल्यापैकी किती पाळावयाचा, ह्याविषयीच्या आपणा सर्वांच्या कल्पना बालपणापासून पक्क्या झालेल्या असतात. पाठ्यपुस्तकांतून येणाऱ्या व्यक्तीसाठी 'सल्लार्थी' ही संज्ञा योजिलेली आढळते. तीही ह्याच समजुतीस पुष्टी देते. ज्या व्यवहारात उपदेश शक्यतो टाळला जातो त्यालाच उपदेशाचे नाव मिळावे, ही संज्ञानिर्मितीतील एक गंमत होय. तिचे परिणाम मात्र नेहमीच गमतीचे नसतात.

आपल्या विभागातील व वसतिगृहांतील काही विद्यार्थी गेल्या काही वर्षांत समुपदेशकाकडे जाऊ लागले आहेत, ही इष्ट गोष्ट आहे. त्यांतील काही जण पहिल्या भेटीनंतर पुन्हा गेलेच नाहीत, असेही माझ्या पाहण्यात आले. कारणे विचारता उत्तरे मिळाली ती अशी : 'ते काही सांगतच नाहीत, नुसतं ऐकतात', 'मी विचारलं काय करू, तर त्यांनी मलाच उलट विचारलं', 'गप्प बसले होते, मला वाटलं माझं काही चुकलं'. ह्या तक्रारी उपचाराविषयीच्या आहेत असे वरवर पाहता वाटते. वस्तुतः त्या संभाषणाविषयीच्या आहेत. त्या खोलीत चालणारे बोलणे आपल्या नित्याच्या बोलण्यासारखे दिसते, तीच मराठी, तीच वाक्ये. परंतु त्याचे नियम वेगळे असतात, आणि ते कोणी आधी सांगत नाही. मानसशास्त्राचा अधिकार मला नाही. भाषेच्या अभ्यासकाला जेवढे दिसते तेवढेच येथे मांडावयाचे आहे.

बोलणे हा उपचार होऊ शकतो ह्या कल्पनेच्या उगमाशीच भाषेचा एक विलक्षण प्रसंग आहे. व्हिएन्नातील वैद्य योजेफ ब्रॉयर हे १८८० ते १८८२ ह्या काळात एका तरुणीवर उपचार करीत होते. १८९५ साली ब्रॉयर व फ्रॉइड यांनी प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तिला 'आना ओ.' असे नाव दिलेले आहे. तिचे खरे नाव बेर्टा पापेनहाइम. आजारात तिची जर्मन ही मातृभाषाच लोपली आणि काही काळ ती केवळ इंग्रजीत बोलू लागली. संध्याकाळी मनातील सर्व सांगून टाकल्यावर तिला बरे वाटे. ह्या सांगण्याला तिनेच इंग्रजीत 'बोलण्याचा उपचार' असे नाव दिले, आणि थट्टेने 'धुराडे झाडणे' असेही म्हटले. तेव्हा पुढे सर्व जगभर पसरलेली ही संज्ञा वैद्याची नव्हे, रुग्णाची आहे. आणि ती मातृभाषेतली नाही. अर्थात ती तरुणी त्या उपचाराने पूर्ण बरी झाली असे ग्रंथावरून वाटते, ते खरे नव्हते. १८८२ सालीच तिला स्वित्झर्लंडमधील एका आरोग्यधामात दाखल करावे लागले होते, हे पुढे उघडकीस आले. नंतरच्या आयुष्यात मात्र तिने समाजकार्यात मोठे नाव मिळविले.

भाषाशास्त्रज्ञांचे लक्ष ह्या विषयाकडे वळले ते ध्वनिमुद्रणामुळे. कार्ल रॉजर्स यांनी १९४२ साली आपल्या ग्रंथात एका व्यक्तीबरोबरच्या सर्व भेटींतील संभाषण ध्वनिमुद्रणावरून शब्दशः उतरवून छापले. तोवर अशा भेटींचा वृत्तान्त म्हणजे उपचार करणाऱ्याने आठवणीने लिहिलेला वृत्तान्त असे. १९६० साली पिटिंजर, हॉकेट आणि डॅनेही यांनी एका मानसोपचारविषयक मुलाखतीच्या केवळ पहिल्या पाच मिनिटांवर एक संबंध पुस्तक लिहिले. ह्यांतील चार्ल्स हॉकेट म्हणजे आपल्या विद्यार्थ्यांना वर्णनात्मक भाषाशास्त्राच्या पाठ्यपुस्तकामुळे परिचित असलेलेच हॉकेट होत. विल्यम लबोव्ह आणि समाजकार्याचे प्राध्यापक डेव्हिड फॅन्शेल यांचा १९७७ चा ग्रंथ तर एकाच भेटीतील पंधरा मिनिटांच्या बोलण्यावर उभा आहे. पाच मिनिटांचे पुस्तक होते ह्याचा अर्थ, तेथे जाणारी व्यक्ती पहिल्या पाच मिनिटांत गोंधळली तर त्यात नवल नाही.

भेटीच्या आधीची काही माहिती थोडक्यात सांगून पुढे जातो. मानसोपचारतज्ज्ञ हे वैद्यक शिकलेले डॉक्टर असतात व औषध देऊ शकतात. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेच्या १९९२ च्या कायद्यानुसार होते; ते औषध देत नाहीत. समुपदेशक ह्या नावाखाली मात्र नाना प्रकारचे शिक्षण घेतलेली माणसे काम करतात, म्हणून शिक्षण काय व कोठे झाले हे विचारण्यात कोणताही उद्धटपणा नाही. भेट सामान्यतः पाऊण तास ते एक तास चालते. शुल्क, भेट रद्द करावयाची झाल्यास काय करावे, टिपणे कोण पाहतो, ह्या गोष्टी पहिल्याच वेळी स्पष्ट करून घ्याव्यात. गुप्ततेचा प्रश्न विद्यार्थ्यांना सर्वांत जास्त छळतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या २३ व्या कलमाने गुप्ततेचा हक्क दिलेला आहे. त्याला अपवादही आहेत, त्यांतील मुख्य म्हणजे कोणाच्या जीविताला धोका असणे, आणि न्यायालय वा तत्सम अधिकाऱ्याचा आदेश असणे. अठरा वर्षांखालील मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास ती कळविणे २०१२ च्या कायद्याने बंधनकारक आहे. विद्यापीठाच्या केंद्रात जाणाऱ्याने 'माझ्या विभागाला वा घरी काय कळविले जाते?' हा प्रश्न अगदी ह्याच शब्दांत विचारावा. चांगला समुपदेशक बहुधा तो विचारण्यापूर्वीच उत्तर देतो.

आता प्रत्यक्ष बोलण्याकडे वळू. पहिले वाक्य बहुतेक वेळा 'बोला' हे असते, किंवा 'काय झालं?', 'कशासाठी यावंसं वाटलं?' असे काही. 'बोला' हा आज्ञार्थ मोठा गुणी आहे. दुकानदार म्हणतो, वकील म्हणतो, डॉक्टर म्हणतो. पण त्या सर्वांच्या 'बोला'ला उत्तर म्हणून काय अपेक्षित आहे हे आपणांस ठाऊक असते. दुकानात जिन्नस, दवाखान्यात दुखणे. येथे मात्र उत्तराचा आकार ठरलेला नाही. त्यामुळे येणारी व्यक्ती घरून भाषण पाठ करून आलेली असते आणि दुसऱ्याच वाक्याला अडखळते. कोठून सुरुवात करावी ह्याला नियम नाही, हाच येथील नियम होय. फ्रॉइड यांनी १९१३ साली उपचाराच्या आरंभावर एक लेख लिहिला. त्यात त्यांनी बुद्धिबळाची उपमा देऊन म्हटले आहे, की ह्या खेळातील केवळ आरंभ व शेवट यांचेच पद्धतशीर वर्णन करता येते. येणाऱ्याने काय करावे हे सांगताना त्यांनी आगगाडीच्या खिडकीशी बसलेल्या प्रवाशाचा दाखला दिला आहे : बाहेर जे जे दिसेल ते आतल्या सोबत्याला सांगत जावे, निवड करू नये. प्रत्येक पद्धतीत हे इतक्या काटेकोरपणे पाळत नाहीत. पण पहिल्या भेटीत सांगण्याचा क्रम चुकला असे म्हणण्याची सोय कोठेच नसते.

त्यानंतर, किंवा मधूनमधून, माहितीचे प्रश्न येतात : झोप, भूक, घरातील माणसे, पूर्वीचे आजार, चालू औषधे, व्यसने. ह्यांची उत्तरे छोटी असतात व संभाषण अचानक अर्ज भरल्यासारखे होते. त्यात कोरडेपणा वाटला तरी तो अनास्थेचा नव्हे. ह्याच ओघात एक प्रश्न असा येऊ शकतो की ज्याने मनुष्य दचकतो : 'जगू नये असं कधी वाटतं का? जीव देण्याचा विचार मनात येतो का?' मराठीत ह्या विषयाभोवती आडपडदे पुष्कळ आहेत. 'सुटावंसं वाटतं', 'नकोसं झालंय', 'कुठंतरी निघून जावं', 'झोपलो तर उठूच नये' ह्या वाक्यांचे अर्थ कधी थकव्याचे असतात, कधी मृत्यूचे. ऐकणाऱ्याने अंदाज बांधीत बसणे धोक्याचे म्हणून प्रश्न उघड विचारला जातो. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत संशोधनाने खोटी ठरविलेली आहे. खरे उत्तर 'हो' असेल तर 'हो' म्हणावे. तसा विचार तीव्रतेने येत असेल आणि ठरलेली भेट लांब असेल तर तिची वाट पाहू नये. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाची 'टेलिमानस' ही विनामूल्य सेवा १४४१६ ह्या दूरध्वनी क्रमांकावर दिवसरात्र चालते, आणि तेथे मराठीतही बोलता येते.

दूरध्वनीचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट सांगतो. संभाषणाच्या सूक्ष्म अभ्यासाचे जे शास्त्र आज स्थिर झाले आहे त्याचा आरंभ अशाच दूरध्वनींपासून झाला. हार्वी सॅक्स यांनी १९६३–६४ च्या सुमारास लॉस एंजलिस येथील आत्महत्या-प्रतिबंध केंद्राशी संबंध ठेवून तेथील संभाषणांची ध्वनिमुद्रणे अभ्यासिली. उत्तर देणाऱ्याने आपले नाव सांगितले की फोन करणाराही आपले नाव सांगतो, हे त्यांना दिसले. एका माणसाने मात्र नाव ऐकल्यावर 'मला ऐकू येत नाही' असे म्हटले; पुन्हा नाव सांगितले गेले, आणि त्या देवघेवीत स्वतःचे नाव सांगण्याची जागा अलगद निसटून गेली. त्याला खरोखर ऐकू आले नव्हते, असेही असेल. पण मदत मागणारा मनुष्य पहिल्या दोन वाक्यांत किती सावध असतो ह्याचे इतके बोलके उदाहरण विरळा.

ह्याच सॅक्स यांनी दाखविलेला दुसरा विशेष आपल्या विषयाला अधिक जवळचा आहे. नित्याच्या संभाषणात एकाने आपली हकिकत सांगितली की दुसरा तिच्याशी जुळणारी आपली हकिकत सांगतो. आपल्याकडे हे फार ठळक आहे. कोणी म्हणाले, 'रात्र रात्र झोप लागत नाही', की लगेच उत्तर येते, 'अहो, आमच्याकडे धाकट्याला अगदी असंच झालं होतं'. ही दुसरी हकिकत म्हणजे 'मला समजले' ह्याची पावती असते. समुपदेशक ही पावती देत नाही. तुमच्या दुःखाला तो स्वतःचे दुःख जोडीत नाही, स्वतःच्या मुलाबाळांविषयी सांगत नाही, आणि म्हणून येणाऱ्याला वाटते की ह्याला काही वाटतच नाही. वास्तविक दुसरी हकिकत सुरू झाली की बोलण्याची सूत्रे सांगणाऱ्याकडे जातात व पहिला मनुष्य पुन्हा श्रोता होतो. येथे तो तास दुसऱ्या कोणाला द्यावयाचा नसतो. समजल्याची पावती मिळते ती निराळ्या रूपात : तुमचेच म्हणणे तो वेगळ्या शब्दांत मांडतो आणि आरंभी 'म्हणजे' घालतो. 'म्हणजे घरी पैसे मागायचं नाही, हे तुम्ही स्वतःच ठरवलंत.' हे विधान दिसते, पण तो प्रश्न आहे. लबोव्ह आणि फॅन्शेल यांनी ह्याची उपपत्ती अशी दिली आहे, की जी गोष्ट केवळ ऐकणाऱ्यालाच माहीत असू शकते तिच्याविषयी बोलणाऱ्याने विधान केले, तर ते खरे की खोटे हे सांगण्याची विनंती म्हणून ते ऐकले जाते. तुमच्या मनाचे जाणकार तुम्ही. तेव्हा 'तसं नाही' म्हणण्याचा अधिकार तुमचा आहे, आणि ते म्हणावे ह्यासाठीच ते वाक्य उच्चारलेले असते.

येथेच मराठी विद्यार्थ्याची खरी अडचण सुरू होते. वडीलधाऱ्या, शिकलेल्या, 'सर' वा 'मॅडम' म्हणविल्या जाणाऱ्या व्यक्तीला तोंडावर 'तसं नाही' म्हणावयाचे आपण शिकलेलो नाही. आपण 'हो' म्हणतो, 'हो, बरोबर' म्हणतो, घरी येऊन 'त्यांना काही कळलंच नाही' असे मित्राला सांगतो, आणि दुसऱ्या भेटीला जात नाही. माझ्या मते पहिल्या भेटीनंतर तुटणाऱ्या कितीतरी धाग्यांचे कारण हा सभ्य होकार आहे.

सल्ल्याविषयीही असेच. 'मी काय करू?' ह्या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर ठरलेले : विध्यर्थ. 'हे करावंस', 'ते सोडावंस'. समुपदेशक विचारतो, 'तुम्हाला काय करावंसं वाटतं?' विध्यर्थाच्या जागी इच्छा आली, आणि कर्तृत्वाचा काटा पुन्हा प्रश्न विचारणाऱ्याकडे वळला. हे पाश्चात्त्य वळण आपल्या मातीत जसेच्या तसे रुजेल काय, अशी शंका घेणारे विचारवंत आपल्याकडे होऊन गेले आहेत. मानसोपचारतज्ज्ञ जसवंतसिंग नेकी यांनी १९७३ साली गुरु-शिष्य संबंध हाच भारतीय उपचाराचा नमुना होऊ शकेल असे प्रतिपादन केले : येणारा परावलंबी होऊन येतो, त्याला आरंभीच तोडून स्वतंत्र करू पाहणे इष्ट नव्हे, असा त्यांचा आशय. अनेक समुपदेशक व्यवहारात मधला मार्ग काढतात, थोडे सांगतात, थोडे विचारतात. गुरूचे नाते पूर्णपणे स्वीकारणे मला तरी पटत नाही, कारण गुरूला 'तसं नाही' म्हणणे अधिकच कठीण.

सर्वच पद्धती अशा मिताक्षरी नाहीत, हेही सांगितले पाहिजे. आल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ पद्धती खंडनमंडनाची आहे. तीत समुपदेशक वाद घालतो, पुरावा मागतो, घरी करावयाचा अभ्यास देतो. ही पद्धती कि. मो. फडके यांच्या कार्यामुळे व लेखनामुळे मराठी वाचकांना चांगली परिचित आहे. मनुष्य आपल्या इच्छांचे अट्टाहासात रूपांतर करतो व त्यातून दुःख ओढवून घेतो, असे एलिस यांचे म्हणणे. इंग्रजीत हा अट्टाहास एका साहाय्यक क्रियापदात वसतो. मराठीत तो बहुधा एका अक्षरात, 'च' ह्या अव्ययात, येऊन बसतो. 'मला पहिला वर्ग मिळायला हवा' आणि 'मला पहिला वर्ग मिळायलाच हवा' ह्यांतील अंतर त्या 'च'चे आहे. असा समुपदेशक तुमच्या वाक्यातील 'च' नेमका पकडतो. ती शब्दच्छलाची हौस नव्हे.

व्याकरणाचा विषय निघालाच आहे तर त्यातील एका जागी थोडे रेंगाळावेसे वाटते. मराठीत भावना माणूस करीत नाही, त्या त्याच्याकडे येतात. मला राग आला, मला रडू आले, मला भीती वाटते, मला कंटाळा आला. अनुभव घेणारा चतुर्थीत, भावना प्रथमेत. व्याकरणदृष्ट्या कर्ती भावनाच. परभाषेतील पुस्तकांवर शिक्षण झालेला एखादा समुपदेशक म्हणतो, 'राग आला असं म्हणू नका, मी रागावलो असं म्हणा. भावनेची जबाबदारी घ्या'. ह्या सूचनेत तथ्य किती? जेथे भाषा पर्यायच देत नाही तेथील रचनेवरून व्यक्तीच्या स्वभावाचे निदान करणे अयोग्य होय. 'मला भीती वाटते' म्हणणारा मराठी मनुष्य जबाबदारी टाळीत नसतो; तो मराठी बोलत असतो. परंतु जेथे पर्याय आहेत तेथे निवड अर्थपूर्ण ठरते. पुढील चार वाक्ये पाहावीत : 'मी अभ्यास करत नाही.' 'मला अभ्यास करवत नाही.' 'माझ्याच्याने अभ्यास होत नाही.' 'माझा अभ्यास होत नाही.' घडलेली गोष्ट एकच. पण पहिल्या वाक्यात मी कर्ता आहे व कदाचित दोषीही आहे, दुसऱ्यातील शक्य क्रियापदाने सामर्थ्य संपल्याचे सांगितले, तिसऱ्यात मी जणू निकामी झालेले साधन आहे, चौथ्यात माझा केवळ संबंध उरला, षष्ठीपुरता. परीक्षेला दोन महिने असताना एखादा विद्यार्थी घरच्यांना पहिले वाक्य सांगतो आणि बोलणी खातो; त्याच्या मनातले वाक्य दुसरे असते. कान तयार असलेला समुपदेशक ह्या चारांतील फरक ऐकतो. तसेच 'आपण'चे. स्वतःविषयी बोलता बोलता मनुष्य एकदम म्हणतो, 'आपण कितीही केलं तरी कुणाला किंमत नसते'. 'मी' गेला आणि सर्व मानवजात आली. अशा वेळी 'आपण म्हणजे कोण?' असा साधा प्रश्न येतो, आणि उत्तर देताना कित्येकांचा कंठ दाटून येतो.

आधुनिक शब्दही ह्या जुन्या साच्यांतच बसले आहेत. 'मला डिप्रेशन आलंय' हे 'मला ताप आलाय'च्या चालीवर. 'टेन्शन' येतेही आणि घेतलेही जाते. म्हणून 'टेन्शन घेऊ नकोस' हा घरोघरचा सल्ला शक्य होतो. जे घेतले आहे ते न घेणे हातात असते, असे त्यात गृहीत असते. ताप घेऊ नकोस असे कोणी म्हणत नाही. पुष्कळांना मात्र हे दोन्ही शब्द सुचत नाहीत. ते छातीत धडधड, पोटात गोळा, हातापायांतले बळ जाणे, जीव वरखाली होणे असेच सांगतात. तसेच सांगावे. ती वर्णने कमी शास्त्रीय नव्हेत. निदानाचा शब्द आधीच उच्चारला की पुष्कळदा अनुभवाचे वर्णन तेथेच थांबते.

कोणत्या भाषेत बोलावे, हे पहिल्या भेटीतच विचारून ठरवावे. बोलीतले मराठी चालेल काय, मध्येच इंग्रजी आले तर काय, ह्याचा संकोच नको. लैंगिक विषय, आईवडिलांवरील राग, अपमान अशा जागी आपले सुशिक्षित लोक एकाएकी इंग्रजीत शिरतात. मागाहून शिकलेल्या भाषेतील शब्दांना भावनेचा चटका कमी असतो, असे द्विभाषकांच्या अनेक अभ्यासांतून दिसले आहे. आना ओ.च्या बाबतीत जे टोकाला गेले ते आपण सर्वजण थोड्या प्रमाणात करतो. इंग्रजीचा तो आडोसा प्रथम उपयोगी पडतो. पुढे केव्हातरी समुपदेशक म्हणेल, 'हेच मराठीत सांगून पाहा'. ते वाक्य उच्चारावयास वेळ लागतो.

आणि मौन. नित्याच्या बोलण्यात साधारण एका सेकंदापलीकडे मौन लांबले की कोणीतरी ते मोडते, असे गेल जेफर्सन यांनी १९८९ साली इंग्रजी संभाषणांच्या आधारे दाखविले. त्या खोलीत दहा सेकंदांचे मौन सहज पडते. त्यापूर्वीच्या 'हं'चा अर्थ 'पटले' असा नसून 'ऐकतो आहे' एवढाच असतो, आणि मौनाचा अर्थ 'अजून जागा तुमची आहे' असा. ते शिक्षकाचे मौन नव्हे. ज्याला ते असह्य होते त्याने 'तुम्ही गप्प बसलात की मला भीती वाटते' असे सांगावे; हे वाक्यही त्या भेटीत सांगण्यासारखेच आहे.

संबोधनाचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण विद्यार्थ्यांना तो पडतो. 'ताई', 'काका' ही नाती जोडण्याची आपली सवय येथे आवरलेली बरी, कारण नाते जोडले की त्याचे मान-अपमान सोबत येतात. पहिल्या भेटीत परस्परांना 'तुम्ही' असावे असे माझे मत. बावीस वर्षांच्या मुलाला प्रथमच कोणी वडील माणूस 'तुम्ही' म्हणतो, ह्याचा परिणाम बोलण्यावर झाल्याविना राहत नाही. कोणाला त्यात परकेपणा वाटल्यास 'मला तू म्हणा' असे सांगता येते.

एका भेटीत काय होते? बहुधा फार काही होत नाही, किंबहुना कित्येकांना पहिल्या भेटीनंतर अधिकच अस्वस्थ वाटते. के. हॉवर्ड आणि सहकाऱ्यांनी १९८६ साली दोन हजारांहून अधिक व्यक्तींविषयीची माहिती एकत्र केली. तीत आठव्या भेटीपर्यंत सुमारे ५० टक्के, आणि सव्विसाव्या भेटीपर्यंत सुमारे ७५ टक्के व्यक्तींत मोजण्याजोगी सुधारणा आढळली. हे आकडे सर्वांना सर्वत्र लागू पडतील असे नाही, परंतु पहिल्या भेटीवरून निकाल देऊ नये एवढे त्यांवरून म्हणता येते. एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ साली उपचारातील सहकार्याचे तीन घटक सांगितले : परस्परांतील बंध, उद्दिष्टाविषयीचे एकमत, आणि ते गाठण्यासाठी काय करावयाचे ह्याविषयीचे एकमत. तीन-चार भेटींनंतर ह्या तिन्हींपैकी एकही जुळत नसेल तर दुसऱ्या समुपदेशकाकडे जावे, आणि जाण्यापूर्वी तसे सांगावे. ते सांगणे अवघड असते. पण ज्याला दुसऱ्याला 'तसं नाही' म्हणणे जमत नाही म्हणून येथवर यावे लागले, त्याच्या दृष्टीने ते सांगणे हे उपचाराचेच काम ठरेल.

भेट ठरलेल्या वेळी संपते. समुपदेशक घड्याळाकडे पाहून 'आज आपण इथं थांबू' म्हणतो तेव्हा ते वाक्य कठोर वाटते, कारण आपल्याकडे पाहुण्याला ऊठ म्हणत नाहीत. पाहुणाच उठतो, 'येतो' म्हणतो, आणि उंबरठ्यावर आणखी अर्धा तास बोलतो. शेग्लॉफ आणि सॅक्स यांनी १९७३ साली संभाषणाच्या समाप्तीविषयी लिहिताना दाखविले, की सांगावयाच्या राहिलेल्या गोष्टीला शेवटी जागा मिळावी अशी सोय संभाषणाच्या रचनेतच असते. म्हणून दाराशी गेल्यावर, पायात चपला घालताना, 'आणि एक सांगायचं राहिलं' असे जे वाक्य निघते तेच पुष्कळदा सर्वांत महत्त्वाचे असते. समुपदेशकाला हे ठाऊक असते. ते वाक्य जीविताच्या धोक्याविषयीचे असेल तर तो तुम्हांला पुन्हा बसवील. नसेल, तर बहुधा वही उघडून त्याची नोंद करील, पुढच्या भेटीचा वार सांगेल, आणि त्या दिवशी 'बोला' न म्हणता तेथूनच सुरुवात करील.